कायम न केलेला पहारेकरी

प्रिय एर्मेक,

'प्रिय' हा शब्द केवळ पत्राचा शिष्टाचार म्हणून लिहिला आहे; त्यात आणखी काही शोधू नकोस.

नारीनच्या बॉयलरघरातले पंप थांबले, पाइप गोठून फुटले आणि अर्धे शहर घरातच मेंढीच्या कातड्याचे कोट घालून बसले. ठपका माझ्यावर आला, कारण ओशहून तू संचालकांना फोनवर म्हणालास, "सायकाल एजेने पंपांवरचा पहारा चुकून बंद केला असेल." एजे! तुझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मला, जिला याच तोंडाने 'जानिम', माझा जीव, म्हणत होतास, तिला चारचौघांत थोरली बहीण करून टाकलेस. फोन स्पीकरवर होता. भट्टीवाले हसले.

तरीही समजावून सांगण्याची माझी खोड जात नाही, तेव्हा ऐक. पंपांवर नजर ठेवून ते थांबताच इशारा देणारा तुझा डीमन म्हणजे लिनक्स संगणकाच्या पडद्याआड अखंड जागा राहणारा पहारेकरी. त्याचा कोड तू सुरेख लिहिलास, कंपाइल करून योग्य जागी ठेवलास. सर्व्हिस फाइलही निर्दोष होती. मग 'स्टार्ट' म्हणालास आणि तो उठला. इथपर्यंत तुला पैकीच्या पैकी गुण. परंतु 'स्टार्ट' ही आज्ञा त्या वेळेपुरतीच असते. मशीन बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर पहारेकऱ्यानेही आपोआप उठावे, यासाठी 'इनेबल' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती तू दिलीच नाहीस. वीज गेली की धावत येऊन त्याला हाताने उठवायचास, आणि स्वयंपाकीण म्हणायची, "हा पोरगा आहे म्हणून आपण उबेत आहोत, बाई!" तुझी चूक वर्षभर कौतुकाचा चहा पीत राहिली. तू ओशला गेलास, वीज पुन्हा गेली, आणि पडद्यावर इशारा नाही म्हणून मी सारे ठीक आहे असे समजले.

काल संचालकांसमोर मी मशीन बंद करून चालू केले. तुझा पहारेकरी निपचित. ते म्हणाले, "मग इतके दिवस कसा चालत होता ग?"

"डीमन नव्हता चालत, संचालक बाइके. एर्मेक चालत होता."

ठपका पुसला गेला. तेवढ्यासाठी मी तुला एक ओळही लिहिली नसती. पण आज बाजारात तुझी आई भेटली. "माझ्या एर्मेकनं ओशच्या प्रसूतिगृहात तस्साच पहारा बसवलाय, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्यांवर! आता बिश्केकला मोठी नोकरी, परवा निघतोय." मी प्रसूतिगृहात फोन केला, तर 'पासवर्ड एर्मेककडेच आहे' म्हणाले. माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र ओशच्या गाडीवाल्याच्या हाती देत आहे. वीज तिथेही जाते. मला हवे ते म्हण, पण निघण्यापूर्वी 'इनेबल' कर, मशीन बंद करून चालू कर, आणि तो आपल्या पायांवर उठेपर्यंत तिथून हलू नकोस.

तुझी एजे नसलेली,
सायकाल