अकरा किलोमीटर आतल्या लेनमध्ये

११ फेब्रुवारी, बुधवार

अकरा किलोमीटर! चौकशी अधिकारी आज घरी येऊन सांगून गेले. आमची गाडी सलग अकरा किलोमीटर आतल्या, दुभाजकाकडच्या लेनमध्ये होती. ताशी साठने. मागे एक डिलिव्हरी व्हॅन दिवे मारत होती. शेवटी व्हॅनवाल्याने वैतागून डावीकडून पुढे काढली, आणि नेमकी त्याच वेळी आमची गाडी डावीकडे वळली. कॅमेऱ्यात एवढं सगळं आहे. चालवणाऱ्याचा चेहरा मात्र नाही, आणि पोलीस पोचेपर्यंत लोकांनी बापलेकांना गाडीबाहेर काढलं होतं.

हे गेले त्याला आज नऊ दिवस. व्हॅनवाला हॉस्पिटलमध्ये आहे, पाय मोडलाय. मुलगा घरी, मनगट प्लास्टरमध्ये.

"गाडी बाबा चालवत होते," एवढंच तो पहिल्या दिवशी बोलला. त्यानंतर त्या विषयावर शब्द नाही.

अठ्ठावीस वर्षं ह्यांनी पुढच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. मी मागच्या खोलीत, शिकणाऱ्यांच्या वेळा लावायला. भिंतीतून रोज ऐकलंय – "आतली लेन पुढे जायला आहे, मुक्कामाला नाही. पुढे गेलात? मग मुकाट्याने परत बाहेर या." हा माणूस अकरा किलोमीटर आत बसून राहील?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आरसा, इंडिकेटर, मान. लेन बदलायच्या आधी तीन गोष्टी. आरशात दिसत नाही ते मान वळवल्यावर दिसतं. ह्यांची मान आपोआप वळायची. खुर्चीतून उठतानासुद्धा.

मुलाची नाही वळत. त्याला आतली लेन प्रिय. "आमचे चिरंजीव आत शिरले की जावयासारखे, निघायचं नाव नाही" – हे ह्यांचे शब्द, सगळ्या वर्गासमोर.

मी असलं काही मनात आणू नये. पण आलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गाडीतल्या सामानाची यादी आली. पाण्याची बाटली, टॉवेल, चष्मा, छत्री. संपलं.

त्या दिवशी दोघं मोठ्या शहरात गेले होते ते ड्रायव्हिंगच्या शाळेच्या गाडीसाठी सुटे भाग आणायला. मला तसंच सांगून गेले होते. मग सुटे भाग कुठे आहेत?

मुलाला विचारलं. "मिळाले नाहीत."

"कुठल्या दुकानात गेला होतात?"

"आई, जेवू दे ना."

इथेच पाणी मुरतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

नणंदेचा फोन. नेहमीसारखी आधी रडली, मग बोलली. "वहिनी, माझा भाऊ मागे बघितल्याशिवाय कूसही बदलायचा नाही. तुझ्या पोराला नीट विचार. तू आई आहेस म्हणून डोळे मिटून बसू नकोस."

मी म्हटलं, बघते. ती माझ्या मनातलंच बोलली, म्हणून तिचा राग आला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मुलगा खोलीचं दार लावून घेतो. एका हाताने शर्ट घालायला वीस मिनिटं लावतो, पण मला आत येऊ देत नाही. पूर्वी मोजे सापडत नाहीत म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.

ह्यांच्या फोटोकडे बघत नाही. माझ्याकडेही नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज चौकशीच्या ऑफिसात जाऊन आले. कोणालाच न सांगता.

अधिकाऱ्यांची खोली लहान, फायलींचा ढीग खिडकीपर्यंत. त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" मी सांगितलं – लेन, मान, सुटे भाग, सगळं ओळीने. शेवटी म्हटलं, गाडी माझा मुलगा चालवत होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, विचार करून बोला. बापाचा जीव गेलाय, व्हॅनवाल्याचा पाय मोडलाय. मुलावर गुन्हा दाखल होईल."

"माझे यजमान अशी गाडी चालवणार नाहीत."

"म्हणजे तुम्हाला वाटतं."

"मला माहीत आहे."

त्यांनी लिहून घेतलं, वाचायला दिलं. एक शब्द चुकला होता तो मी दुरुस्त करून घेतला. सही केली.

अठ्ठावीस वर्षांचं नाव असं मातीत जाऊ देणार नाही. परतताना बसमध्ये मन शांत होतं. हे लिहायलाही बरं वाटत नाहीये.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुलाचा शर्ट प्लास्टरला अडकला. त्याला हाक मारावीच लागली. मी आत गेले, बाही सोडवली.

छातीवर पट्ट्याचा वळ. जांभळा जाऊन आता पिवळा पडलाय. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, दोन बोटं रुंद.

तो म्हणाला, "दुखत नाही आता."

दुपारी शाळेच्या गाडीची किल्ली घेतली. गाडी दारातच उभी आहे. चालवणाऱ्याच्या जागेवर बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पट्टा लावला. उजव्या खांद्यावरून आला. मग उतरून पलीकडे बसले, पुन्हा पट्टा लावला. डाव्या खांद्यावरून. विश्वास बसेना. चार वेळा इकडून तिकडे केलं.

शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आता शिकताय का गाडी?"

"हो, बघते जमतंय का."

मुलगा चालवत नव्हता. तो शेजारी बसला होता. आणि मी परवा काय लिहून देऊन आले!

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज चहा झाल्यावर त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबाच चालवत होते. मला कळलंय. मग ते आतल्या लेनमध्ये का राहिले, तेवढं सांग."

तो कपाचा कान धरून बसला. मग बोलला. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

ह्यांना काचबिंदू झाला होता. वर्ष होऊन गेलं. डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, जवळजवळ काहीच नाही. कंबर दुखते म्हणून शिकणाऱ्यांबरोबर रस्त्यावर जात नाही, असं मला सांगितलं होतं. मी कमरेला तेल लावून देत होते, वर्षभर!

"मोठ्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचो आम्ही. सुटे भाग वगैरे काही नाही. आईला सांगायचं नाही, शाळा बंद पडेल, असं म्हणायचे."

"आणि तू गाडी चालवू दिलीस?"

"मी चालवतो म्हटलं की चिडायचे. म्हणायचे, तुला मी शिकवलंय. मग आम्ही ठरवलं होतं. ते आतल्या लेनमध्ये राहायचे. तिकडे दुभाजक, उजव्या डोळ्याला दिसायचा. बाहेर यायचं झालं की विचारायचे, मोकळं? मी बघायचो आणि सांगायचो, मोकळं. मग वळायचे."

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, गाडी आजपासून बंद. परतताना दोघांचं भांडण झालं. हा म्हणाला, आज घरी गेल्यावर मी आईला सांगणार. हे म्हणाले, "मग तुझी मला गरज नाही. गप्प बस."

"मी गप्प बसलो, आई."

अकरा किलोमीटर. मागचा माणूस दिवे मारतोय, ह्यांना ते आरशात दिसतंय, वाट द्यायला पाहिजे हे ह्यांच्याइतकं कोणाला कळणार? आणि विचारायचं नाही म्हणून बसून राहिले. दोघंही एकाच मातीचे.

"शेवटी विचारलं त्यांनी. मोकळं? मी खिडकीबाहेर बघत होतो. नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. त्यांनी इंडिकेटर दिला."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ताप बघायचे तसा.

२२ फेब्रुवारी, रविवार

कागदाचं त्याला सांगितलं नाही. कालही नाही, आजही नाही. जीभ उचलत नाही. सगळं सांगून झाल्यावर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला, त्यात मी हे कुठून काढू?

ऑफिस आज बंद. उद्या दहाला जाते, खरं लिहून देते. ह्यांचं नाव जाईल. डोळ्याने दिसत नसताना शिकवत होते, असं लोक म्हणतील. म्हणू देत. आधी माझा कागद मागे घेते, मग त्याला सांगते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अधिकारी म्हणाले, "तुम्ही कशाला आलात? काम झालं. मुलगा नऊलाच येऊन गेला." त्यांनीच बोलावलं होतं. माझा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, आईने लिहिलंय ते बरोबर आहे, गाडी मीच चालवत होतो. आणि माझ्या सहीखाली सही करून गेला.