ट्रेलरवरचा पत्ता

प्रिय ताई,

गोळ्यांची पिशवी घेऊन मी बाबांच्या ट्रेलरला मागून वळसा घातला आणि तिथंच थांबले. मागच्या लोखंडी पट्टीवर, पिवळ्यावर काळ्या इंग्रजी अक्षरांत, आपल्या वेबसाइटचा पत्ता रंगवला होता. किशोरीअंकिता, टिंब, इन. अक्षरं जरा तिरकी, शेवटचं जागा संपल्यामुळे दबलेलं. खाली मराठीत 'मुंडावळ्या, बाशिंग'. त्याच्याही खाली 'अंतर ठेवा'.

हे आज दुपारचं, कळंबोलीच्या यार्डातलं. बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. एरवी आई दोन दिवसांपुरत्या कागदात बांधून देते, आज आठवड्याचं अख्खं पाकीट दिलं. मी स्कूटर काढली. गाडी ते तिथंच लावतात, घरी आणत नाहीत, म्हणून मला मागची बाजू कधी दिसलीच नव्हती.

आता तुला उरणच्या आकड्यांचं कळलं असेल. तरी लिहिते, कारण मलाही ते एकदा ओळीने लिहून बघायचंय. दिवाळीनंतर तू फोनवर तुझी स्क्रीन दाखवून मला अ‍ॅनालिटिक्स शिकवलंस. साइटवर कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुठलं पान बघून गेलं. शहराचं नाव ते अंदाजाने देतं, असंही तूच म्हणालीस. तेव्हा सगळ्यात जास्त माणसं खांदा कॉलनीतून आणि नवीन पनवेलमधून यायची. मग उरण वर चढायला लागलं. उरण, न्हावा शेवा, पुन्हा उरण. जाहिरातीतून नाही, शोधून नाही, थेट पत्ता टाकून. तू किती खूश झाली होतीस. म्हणालीस, अंकू, ही माणसं तुझं नाव पाठ करून येतायत, तिकडे आपल्या समाजाची लग्नं काय कमी आहेत, जिथं गिऱ्हाईक तिथं दुकान. उरणचा गाळा मी बघितला. आई ठेव मोडायला तयार झाली. उद्या सकाळी टोकन द्यायचं ठरलं.

एकच गोष्ट मला खुपत होती. उरणचं माणूस यायचं आणि लगेच निघून जायचं. खांदा कॉलनीतली बाई बाशिंगं बघते, मग मोत्याच्या मुंडावळ्या, मग सजवलेले नारळ, मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, 'जाईच्या कळ्यांसारख्या मिळतील का?' उरणचं कोणी काही विचारत नव्हतं. तू म्हणालीस फोटो जड आहेत. मी हलके केले. म्हणालीस फोनचं बटण वर घे. वर घेतलं. मग फोन यायला लागले, पण कसले? एकाने विचारलं, "मॅडम, ये मुंडावल्या कौनसी गाड़ी का पार्ट है?" मी तुला ते सांगितलं तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो. हसण्याच्या नादात तो माणूस कोण, हे दोघींनीही विचारलं नाही.

बाबा टायरवर हातोडी मारून हवा बघत होते. मी त्यांना म्हटलं, हे काय? ते म्हणाले, "काय म्हंजे? पेंटर बोलला, मागं जागा हाय. मंग काय लिवाचा? शेर लिवू?" मी म्हटलं, पण हे वाचणार कोण? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी आपण समुद्र कुठे संपतो विचारलं की बघायचे. "उरनला पोर्टाच्या गेटावर लाइन लागते तवा मागचा डायवर काय करतो? समोरचा वाचतो. मोबाईल हातानच असतो. टाकतो."

ताई, मी तिथंच, टायरला टेकून, फोन काढला आणि मागचे महिने उघडले. खालापूर. बाबा त्या वाटेनं चाकणला गेले होते तो आठवडा. सोलापूर. तेव्हा ते सोलापूरला मशिनरी घेऊन गेले होते आणि आई फोन लागत नाही म्हणून जेवली नव्हती. आपण म्हणालो होतो, जाहिरात चुकून सोलापूरला दिसली. जाहिरात नव्हती. बाबा होते. ते जिथं जिथं गर्दीत उभे राहिले, तिथं तिथं आपला आकडा वाढला. सगळा रस्ता त्यात दिसत होता. एक दिशा तेवढी कोरी होती. सातारा नाही, कऱ्हाड नाही, त्याच्या खालचं काहीच नाही. तुझ्या बंगळूरूचं भाडं आलं की बाबा ते दुसऱ्याला देतात, हे यार्डातल्या सगळ्यांना माहीत आहे. का, ते कोणी विचारत नाही.

तू आकडा चुकीचा वाचलास असं मी म्हणत नाही. मीही तोच वाचला. आकडा वाढला की छाती फुगते, मग माणूस किती वेळ थांबलं ते बघायचं राहून जातं. तर आता माझं ठरलंय. उरणचा गाळा घ्यायचा नाही. आईची ठेव तशीच राहू दे. ज्या बायका थांबतात त्या खांदा कॉलनीत आहेत, तर तिथं रविवारी टेबल मांडायचं, आणि 'हातात घेऊन बघा' असं पहिल्याच पानावर लिहायचं. तू म्हणशील ट्रेलरवरून येणारी माणसं मोजणीतून वेगळी काढ. काढते. पण गाळून टाकायची नाहीत. पत्त्यापुढे एक शब्द वाढवला की त्यांचं पान वेगळं होतं ना? त्या पानावर हिंदीत मुंडावळ्या म्हणजे काय ते एका ओळीत लिहायचं आणि खाली फोन नंबर. ड्रायव्हरांनाही मुली असतात. मागच्या महिन्यात जतहून एक जोड मागवला होता, त्याचा पत्ता 'ट्रान्सपोर्ट ऑफिस' असा होता, आठवतंय?

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन आई स्पीकरवर ठेवते, आणि बाबा आतल्या खोलीत टीव्ही बारीक करतात. तुला ते कधी सांगितलं नाही. तुझा फोन आला की टीव्ही बारीक होतो. ठेवला की मोठा. मग जेवताना ते आईला विचारतात, "तिकडं पाऊस हाय काय?" तिकडं म्हणजे कुठं, ते म्हणत नाहीत.

तुझं लग्न कोर्टात झालं त्याच आठवड्यात त्यांनी केबिनच्या माथ्यावरचं तुझं नाव पुसलं. प्रणितदादांबद्दल त्यांचं काही नव्हतं. चांगला मुलगा आहे, हे ते आईला बोललेले मी ऐकलंय. हळदीवरून झालं. तू म्हणालीस एका रात्रीच्या बँडबाजासाठी वर्षाची कमाई कशाला, आणि तुझं बरोबर होतं. पण हळदीला धवळे गाणाऱ्या धवलारीण सोनाबाईला ते आधीच सांगून आले होते. ती दारात येऊन परत गेली. तेव्हापासून माथ्यावर नुसतंच 'अंकिता' होतं, डावीकडे सरकलेलं, आणि उजवीकडे निळा चौकोन. मला त्या गाडीत बसायला लाज वाटायची, म्हणून मी यार्डात जाणंच सोडलं होतं.

म्हणून मी आज त्यांना विचारलं. म्हटलं, बाबा, ताईचं नाव तर तुम्ही पुसलं होतं. ते पुन्हा हातोडी मारायला लागले. दोन टायर झाले. मग म्हणाले, "पत्ता हाय तो. अर्धा पत्ता लिवला तर मानूस पोचंल काय?"

मी गोळ्या दिल्या. त्यांनी पाकीट खिशात घातलं, आणि मी स्कूटर चालू केल्यावर पाठमोरेच म्हणाले, "पुढच्या महिन्यान आरटीओला गाडीचा पासिंग हाय. पेंटर परत येल. वरती काय लिवाचा ता तुमी दोघी ठरवा."

तुमी दोघी. एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, ताई. उरणचं मी तुला दोन ओळींत कळवू शकले असते. पण हे दोन शब्द बाबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा उच्चारले, आणि ते तुझ्यापर्यंत माझ्या आवाजात नको, लिहिलेले पोचावेत असं वाटलं. ते स्वतः तुला बोलावणार नाहीत. तू ये. पासिंगच्या आधी, पेंटर असताना. हळद नको, बँड नको. तू फक्त खाली उभी राहा आणि अक्षरं सरळ येतायत का ते सांग. मला त्यातलं कळत नाही.

तुझीच,
अंकू

सकाळ. हे टपालात टाकणार होते. आता पानांचे फोटो काढून पाठवते, कारण टपाल उशिरा पोचेल. उरणच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. मग सवयीने आकडे उघडले. साताऱ्याहून दोन भेटी, कऱ्हाडहून एक. आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "बंगलूरचा भाडा घेतलाय त्यांनी. तुला नाय बोलले?"