तुम्मसच्या डोळ्यांविषयी

आर्हुस, ९ जून १९९४

तीर्थरूप बाबांस,
सुन्वाचा सा. न. वि. वि.

शेजारच्या तुम्मसकाकांचे चारही प्रश्न वाचले. आई गेल्यावर दोन वर्षांत तुम्ही प्रथमच दोन पानं लिहिलीत, तीही दुसऱ्याच्या डोळ्यांविषयी. तरी बरं वाटलं. माझी नेत्रतपासणीची पदवी आपल्या बेटावर, गावाकडे कामी येतेय.

त्यांना सांगा, तपासणी दुखत नाही. डोळ्यावर वाऱ्याची फुंकर येते, दचकायला होतं, एवढंच. त्यावरून डोळ्यातला दाब कळतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवू नये. चष्म्याने नजर अधू होत नाही. आणि डोंगरावरची मेंढी लांबून दिसते म्हणून डोळे ठणठणीत, असंही नाही. दाबामुळे नजर कडेकडेने जाऊ शकते, न दुखता. गेलेली परत येत नाही. ते दाराच्या चौकटीला धडकतात का, विचारा.

इथे दिवसभर माणसं माझ्यासमोर बसून अक्षरं वाचतात. खोलीवर आलं की बोलायला कुणी नसतं. लिहीत राहा.

आपली,
सुन्वा

दालुर, २० जून

चि. सुन्वाला अनेक आशीर्वाद.

तुम्मस म्हणतो, चौकटीच अरुंद झाल्यात. डावा खांदा काळानिळा आहे त्याचा. वर म्हणतो, कालची पोर आम्हाला बघायला शिकवणार. मनावर घेऊ नकोस. लोकर कातरणी झाली की जाईल म्हणतो.

मी बरा आहे. मासा उकडतो, बटाटे उकडतो. रेडिओ चालू ठेवतो.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
हानुस

दालुर, ५ जुलै

चि. सुन्वास तुम्मसकाकाचा आशीर्वाद.

परवा कातरणीत कोकरांच्या कानांना मालकीच्या खुणा कापल्या. कोकराला आईचीच खूण द्यायची, हे तू जाणतेस. हानुसने माझ्या मेंढीच्या कोकराला स्वतःची खूण कापली. मेंढीच्या कानावरची खाच त्याला दिसलीच नाही. चाळीस वर्षांत त्याची सुरी चुकली नव्हती. तो कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हापासून दार उघडत नाही. माझे डोळे दर वर्षी तपासतात, त्याचे कधीच नाही. तू काहीतरी कर.

तुझा,
तुम्मस

आर्हुस, ११ जुलै

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

तुम्मसकाकांनी कातरणीचं कळवलं. त्यांचे डोळे दर वर्षी तपासतात, हेही. खांद्याचं वाचूनही, तो खांदा तुमचा, हे मला कळलं नाही, एवढं शिकून. बोटीपलीकडे तोर्सहाव्नच्या रुग्णालयात पुढच्या मंगळवारची, १९ तारखेची वेळ घेतली आहे. थेंब घालतील, म्हणून गाडी काका चालवतील, त्यांना लिहिलंय. रागवा, पण जा. उरलेली नजर अजून वाचवता येईल.

माया आहे तशी राहू द्या.
सुन्वा

दालुर, २२ जुलै

चि. सुन्वाला अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. दाब फार वाढलाय. डावीकडचं गेलं ते गेलं. बाकीचं औषधाच्या थेंबांनी टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या हातून थेंब गालावरच पडतो, म्हणून रोज सकाळी तुम्मस येऊन थेंब घालतो आणि माझी कॉफी संपवतो. कोकराची मी माफी मागितली. तो म्हणाला, कान काही परत उगवत नाही, कोकरू ठेव तुझ्याकडेच.

येताना बोटीवर त्याने विचारलं, पत्रातले प्रश्न तुझे, तर नाव माझं का घातलंस. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं घालू? दोन वर्षांत माझ्या दाराशी तुझ्याशिवाय कुणी आलंय का?

तुझा,
हानुस