आवळा आधी द्यायचा असतो

शिरपूर
११ एप्रिल १९९६

प्रिय पुना,

चिंधा रिकामा डबा घेऊन परत आला म्हणून तू माझ्यावर चांगलाच उखडला असशील. बायकोला, द्रौपदाला म्हणालाही असशील, की सख्ख्या भावाला चार चमचे पूड देताना अक्काचा हात आखडला. रागाव बापा, पण पत्र अर्ध्यात टाकू नकोस. ऐकायचं नसलं की उठून जायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

चिंधा आला तो रविवार होता. तुझ्या गिरणीतला माणूस, आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण तोंडावर आलेला, काखेत पिशवी, आणि 'माले आप्पानी धाडेल शे' असं तुझं नाव सांगत दारात उभा. खोटं कशाला सांगू, मला वाटलं मुराळी आला. आई-नाना गेल्यापासून आखाजीला मला न्यायला कुणी आलेलं नाही. त्यात तुझी चूक नाही. मुराळी जातो तो सासरी नांदणाऱ्या बहिणीला आणायला. जिला सासरच नाही ती माहेरवाशीण तरी कशी होणार? मी त्याला पाणी दिलं, चहा टाकला, मनातल्या मनात कोणत्या साड्या घ्यायच्या तेही ठरवून टाकलं. मग त्याने पिशवीतून डबा काढला. 'आवळानी पूड भरी द्या, आप्पानी किडनीले.' मला आधी हसू आलं आणि लगेच रडू. 'काय व्हयनं, अक्का?' असं त्याने विचारलं, तेव्हा स्टोव्हचा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं.

त्याच्याकडूनच कळलं, की तू नाशिकला डायलिसिसला जाणं बंद केलंस. माझ्या कामाविषयी धुळ्याच्या कुठल्याशा पेपरात आलेली बातमी तू म्हणे गिरणीच्या भिंतीला चिकटवली आहेस. दळण घेऊन येईल त्याला वाचून दाखवतोस, की माझ्या बहिणीने किडनीवरचं औषध शोधलं, आता त्या यंत्राला कोण विचारतो! पुना, मी कॉलेजात लागल्यापासून तू मला उंदरांची डॉक्टरीण म्हणून चिडवत आलास. पाव्हण्यारावळ्यांत माझं काम सांगायची वेळ आली की विषय बदलायचास. आपल्या माणसाने आपल्याला कधीतरी मिरवावं असं मला फार वाटायचं रे. आणि तू मिरवलंस ते नेमकं यासाठी.

बातमी खोटी नाही, अर्धी आहे. एका जंतुनाशक औषधाची इंजेक्शनं जास्त दिली की उंदरांच्या किडन्या बिघडतात. औषधामुळे आत जे जाळणारे कण तयार होतात, त्यांना आवळ्यातली अँटिऑक्सिडंट आवरतात. म्हणून ज्या उंदरांना इंजेक्शनच्या आधीपासून मी आवळ्याचा अर्क पाजला, त्यांच्या किडन्या बऱ्याच वाचल्या. पण शेजारच्या पिंजऱ्यातल्यांना किडनी बिघडून गेल्यावर तोच अर्क दिला, त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. हेही मी त्या वार्ताहराला सांगितलं होतं, त्याने ते छापलंच नाही. तू द्रौपदाला विचार. चिरलेली वांगी ती लिंबाच्या पाण्यात टाकते, म्हणून काळी पडत नाहीत. पण एकदा काळी पडलेली वांगी मागाहून कितीही लिंबू पिळलं तरी पुन्हा पांढरी होतात का?

तुझं तसं झालं आहे. पोती उचलून कंबर धरायची आणि तू चहाबरोबर दुखण्याची गोळी घ्यायचास, वर्षानुवर्षं, शेंगदाणे खावेत तशा; त्यांनीच तुझ्या किडन्या गेल्या. तुझ्या गोळ्या वेगळ्या, माझं इंजेक्शन वेगळं, आणि उंदीर तो उंदीर. शिवाय आता तुला आवळा घ्यायलाच मनाई आहे. त्यातलं पोटॅशियम तुझी किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते साठून हृदयावर येतं. मी डबा भरून दिला असता तर तुझ्या जिवावर बेतलं असतं. भिंतीवरची ती बातमी आजच्या आज फाडून टाक. लोक हसतील, तर हसू देत.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. सुट्टीच्या दिवशी शिपाई येत नाही, म्हणून उंदरांना दाणापाणी करायला मीच जाते. खरं तर बोलायला जाते. शेजारच्या सुमनबाई सणावारी ताट पाठवतात, पण घरात बोलावत नाहीत, कारण त्यांच्याकडे पाहुणे असतात. तक्रार नाही माझी. पण हक्काने भांडावं असं जगात आता तूच एक उरला आहेस, आणि तूही गेलास तर मी काय करू ते मला खरंच कळत नाही.

परवा मी नाशिकला जाऊन तुझ्या डॉक्टरांना भेटून आले. डायलिसिस ताबडतोब सुरू करायला हवं, असं ते म्हणाले. आणि रक्ताच्या नात्यातलं कुणी किडनी द्यायला तयार असेल तर पुढे ती बसवता येईल. तिथेच मी माझं रक्त तपासून घेतलं. तुझा नि माझा गट जुळतो. पुढच्या तपासण्यांना तुझंही रक्त लागतं, म्हणून हे पत्र. पोस्टावर न सोडता तुमच्या दोंडाईच्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. सोमवारी सकाळी मी नाशिकच्या दवाखान्यात असेन, तू ये. कितीदा तरी बाई तयार होते आणि घरचे आडवे येतात, म्हणून डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, की तुमच्या नवऱ्याची, सासरच्यांची परवानगी आहे ना? मी म्हटलं, मला अडवणारं कुणीच नाही. इतकी वर्षं हे सांगताना मी मान खाली घालायचे. परवा पहिल्यांदाच मी ते आनंदाने सांगितलं.

तुझीच,
अक्का