तुमच्या ट्रंपेटने दिलेला कौल

नौपाडा, ठाणे
ता. ४ मार्च १९५६

ती. आनंदराव यांस हरिहरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेमकुशल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीचे गुडघे बरे आहेत, माझं डोकं तापलेलं आहे, आणि पलटणीच्या लिलावातून आणून तुम्ही भाच्याच्या हाती दिलेल्या त्या ट्रंपेटची प्रकृती दुर्दैवाने उत्तम आहे. तुम्ही कसे आहात? मजेतच असाल. आग आमच्या घरात लागली आहे.

सुधीरला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी घेतलंय, शिष्यवृत्तीसकट. जॅझ शिकायला! चार वर्षं! (कागदावर जे लिहिलेलं नाही ते वाजवायचं, हाच म्हणे तिथला मुख्य विषय. या पोराने लिहिलेलं वाचावं म्हणून मी पंधरा वर्षं घसा फोडला.) मोहने गावच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून हा जाणार. एक कॉलेज बर्फात, दुसरं कापसाच्या मुलखात. त्याला बर्फातलं हवंय, कारण तिथे सरावाला चाळीस खोल्या आहेत आणि आवाज भिंतीबाहेर जात नाही. (अशी एक खोली नौपाड्यात असती तर शेजारच्या डॉक्टरांशी माझा अबोला झाला नसता.) त्याच्या आईला, सुमतीला, कापसाचं हवंय, कारण त्याला कफ होतो. मला दोन्ही नकोत. एकुलता एक आहे हो तो! त्याला सातासमुद्रापार धाडून मी इथे ओरडू कोणावर?

शेवटी तुमच्या बहिणीने कोकणातली रीत काढली: देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या उजव्या अंगाला बर्फातल्या कॉलेजच्या नावाने फुलाची पाकळी, डाव्या अंगाला कापसाच्या नावाने. पाण्याने चिकटवायच्या आणि जी आधी पडेल ते कॉलेज. नैवेद्यापर्यंत एकही पडली नाही तर सुधीर घरी राहणार, ही अट माझी. पाकळ्याही मीच चिकटवल्या. साक्षीला माझी गोदूआत्या. एक तास झाला, दोन झाले, पाकळ्या हलेनात. सुमती डोळे पुसत नैवेद्याचं पान वाढायला उठली आणि मी (खोटं कशाला सांगू?) दुसरा चहा मागितला. तेवढ्यात आतल्या खोलीत चिरंजीवांचा संयम सुटला. त्याने तुमचं ते पितळी कारटं तोंडाला लावून असा एक सूर काढला की फडताळातल्या बरण्या थरथरल्या, आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली! गोदूआत्याने हात जोडले. म्हणाली, "हरी, देव म्हणतोय कुठंही पाठव, पण पाठव रे बाबा."

मी म्हटलं, हा कौल नव्हे, दंगा आहे. कोण ऐकतो? तेव्हापासून घरात फक्त स्वेटरच्या लोकरीचं बोलणं चाललंय. मी नाही म्हणजे नाही म्हणून सांगितलंय, अख्ख्या आळीने ते ऐकलंय, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतला मी नव्हे. हे सगळं तुमच्यामुळे झालं.

तुमच्यावर रागावलेला,
हरिहर

ता. क. पाकळ्या मी पाण्याने चिकटवल्या नव्हत्या. ऑफिसातला डिंक होता. (सुमतीला कळता कामा नये.) डिंकाने चिकटवलेलं ज्याच्या एका सुराने खाली येतं त्याच्या छातीत काहीतरी आहे, एवढं मलाही कळतं.

आणखी ता. क. येत्या रविवारी या. सगळ्यांदेखत माझ्याशी कडाडून भांडा आणि मला हरवा. फार वेळ लावू नका. फॉर्म महिनाअखेर तिकडे पोचायला हवा. बर्फातल्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही मी करून ठेवली आहे.