त्या कागदावर अल्सर लिहिलेलं नव्हतं

आबा, तुमच्या धाकट्या लेकाला तेच झालंय जे तुम्हाला झालं होतं. त्याच जागी, अन्ननलिकेत, छातीच्या मध्यावर. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात. महिनाभर तो घरात कुणाला बोललाच नाही, पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत राहिला. त्याची बायको मला फोनवर म्हणाली, "वन्सं, ताटात निम्मं ठेवत्यात आन् म्हणत्यात भूक न्हाय." मी तेव्हाच ओळखलं. मी डॉक्टर नाही, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण ताटात निम्मं ठेवणारा माणूस मी एकदा पाहिलेला आहे.

आता तुमच्या वेळेसारखं नाही. आता पेट स्कॅन म्हणून एक तपासणी असते. तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, त्यात शिरेत साखरच टोचतात. साखरेसारखं औषध, त्याला किरणं सोडणारा कण चिकटवलेला. गाठ आधाशी असते, आजूबाजूच्या मांसापेक्षा जास्त साखर खाते, म्हणून फोटोत ती जागा उजळते. उभा जन्म साखरेत घालवलेल्या माणसाला हे मला समजावून सांगायचं होतं. तुम्ही रात्रपाळी आणि दिवसपाळी कारखान्यात पॅनवर, त्या मोठ्या बंद कढईवर, उभे राहून रस आटवायचात, सळईने पाक काढून काचेवर पसरायचात, काच दिव्यासमोर धरायचात आणि नुसत्या डोळ्यांनी सांगायचात की दाणा धरलाय की नाही, पॅनमधला पाक कधी खाली सोडायचा. मी दहा वर्षांची असताना एकदा ती काच माझ्या डोळ्यांपुढे धरलीत. "दिसतोय का दाणा?" मी म्हटलं, दिसतोय. मला काहीच दिसत नव्हतं, नुसती गरम वाफ आणि पिवळा उजेड. तुम्ही लगेच ओळखलंत. "दिसंना तर दिसंना म्हणावं. दाण्याचं खोटं सांगितलं तर अख्खा पॅन वाया जातो, पोरी." सगळ्या माणसांसमोर बोललात. मी वालचंदनगरच्या त्या क्वार्टरपर्यंत रडत आले होते.

धाकट्याच्या दोन केमो झाल्यावर दुसरा स्कॅन सांगितला. पहिल्या फोटोशी तो जुळवून बघायचा, गाठ किती फिकी पडली ते. डॉक्टर तरुण आहे, माझ्या शेवटच्या वर्गातला शोभेल. तो म्हणाला, बरीच फिकी पडली तर औषध लागू पडतंय, अशा लोकांचं पुढे ऑपरेशननंतरही बहुतेकदा चांगलं चालतं. नाही पडली तर तेच औषध देत बसण्यात अर्थ नाही. मी विचारलं, "बहुतेकदा म्हणजे किती?" तो म्हणाला, "मॅडम, हा अंदाज आहे, निकाल नाही." मला ते उत्तर आवडलं नाही, पण खोटं नव्हतं.

आता ऐका आपल्या माणसांचा पराक्रम. सहा तास उपाशी, साध्या पाण्याशिवाय काही नाही, असं मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून धाकट्याच्या सणसरच्या घरात भिंतीवर चिकटवलं होतं. मी बारामतीहून निघाले, ते तिकडून. पुण्याला सेंटरवर बोटातून रक्त काढलं तर साखर ही चढलेली! तो टेक्निशियन विचारतो, काही खाल्लं का? सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी वहिनी म्हणाली, "खाल्लं काय न्हाय. वाटंत गुऱ्हाळापाशी गाडी थांबली, गलासभर रस पाजला. त्यांच्या घशाखाली तेवढंच उतरतंय ओ." जो फोटो साखर कुठे जाते ते बघण्यासाठी काढायचा, त्याच्या आधी उसाचा रस! आपल्या मुलखाशिवाय हे कुठे घडेल? मी तिथेच सगळ्यांना फैलावर घेतलं. भाच्याला, तुमच्या नातवाला, विचारलं, भिंतीवरचा कागद काय दृष्ट लागू नये म्हणून लावला होता? धाकटा मान खाली घालून म्हणाला, "अक्का, लय गोड लागला गं." स्कॅन त्या दिवशी रद्द झाला, मी पुढची तारीख घेतली. चार दिवसांनी पुन्हा गेलो.

रिपोर्ट आला. गाठ फिकी पडली होती, पण थोडी. डॉक्टर म्हणाला, पुरेशी नाही; औषध बदलू, जोडीला किरणोपचार देऊ, मग ऑपरेशनचं बघू. लवकर कळलं हे बरंच झालं. गाडीतळावर भाचा माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आत्या, पप्पांना चांगलं आलंय म्हणून सांगू. उगं धीर सोडतील." इंजिनिअर झालेला मुलगा. मी म्हटलं, "आणि उद्या किरणं द्यायला नेशील तेव्हा काय सांगशील, फोटो काढायचाय? अंग त्यांचं, घसा त्यांचा, आणि धीर कुणी धरायचा ते तू ठरवणार?" तो रागावलाय, रागावू दे. पण आबा, मी ओरडले ते त्याच्यावर नाही.

तुमचा कागद मला अजून दिसतो. मी सुट्टीला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून घरी आलेली. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, शर्टाला मळीचा वास. काका तुम्हाला दवाखान्यातून घेऊन आलेत आणि दारातच उभे आहेत. तुम्ही पाकीट माझ्यापुढे धरता. "वाच. मोठ्यानं वाच, समद्यांना ऐकू जाऊ दे." तुमच्या मागून काका हाताने नको नको करतात. आई भाकरी थापायची थांबते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. त्या दोघांना डॉक्टरने आधीच सांगितलेलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. कागदावर कर्करोग होता. ताबडतोब पुण्याला किरणांसाठी पाठवा, असंही स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. मी इंग्रजी वाक्यं मनाने रचली, आबा. धड्यातल्यासारखी, एकामागून एक, न अडखळता. मग मराठीत सांगितलं, अल्सर आहे, दूध प्या, तिखट खाऊ नका, विश्रांती घ्या. तुम्ही म्हणालात, "अजून एकदा वाच." तेव्हा मला पहिल्यांदा काय रचलं होतं ते आठवेना, म्हणून दुसऱ्यांदा वेगळंच रचलं. तुम्हाला फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी क्वार्टरच्या अख्ख्या लायनीत सांगत फिरलात, "पोरीनं असं फाडफाड वाचलं!"

आणि दूध पीत, त्याच पॅनवर, गळीत संपेपर्यंत उभे राहिलात. हंगाम सोडून पुण्याला जायला तुमच्याकडे कारणच नव्हतं. कारण आम्ही काढून घेतलं होतं. पुढचा हंगाम तुम्ही पाहिला नाहीत. काका मला नंतर म्हणाले, "काय बी झालं नसतं बाळा, उगं हाल झालं असतं." त्यांना कसं माहीत? कुठला फोटो बघून? पन्नास वर्षं होत आली, या एका वाक्याचा राग माझ्या डोक्यातून उतरत नाही. तेव्हा हे यंत्र नव्हतं हे मला कळतं. तुमची गाठ फिकी पडणारी होती की चिवट, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण बघितलं तर असतं.

म्हणून सणसरला मी खुर्ची ओढून धाकट्यासमोर बसले. तोच म्हणाला, "अक्का, तूच वाच. ह्या पोराच्या तोंडावर हल्ली नुसतं चांगलंय चांगलंय असतं." मी ओळ न ओळ वाचली, मग मराठीत सांगितली. पुरेशी फिकी नाही, हेही सांगितलं. वहिनी पदर तोंडात धरून आत गेली. त्याने बाहेर उसाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे ह्या औषधानं काम केलं न्हाय."

"थोडं केलं. पुरेसं नाही."

"मग बदला म्हणावं. खत लागू पडंना तर त्येच टाकत बसतं व्हय कुणी?" आणि मग, "मरतो का गं मी?"

"माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. सोमवारी नवीन औषध सुरू करायचंय, तू हो म्हणालास तर."

"हो म्हण त्यास्नी." जरा थांबून म्हणाला, "आबांचा कागद बी तूच वाचला व्हतास न्हवं? इंग्रजीत. मला आठवतंय, आबा लय खूश झालं व्हतं."

मी हो म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हे लिहिलेलंही त्याला दाखवणार नाही, कपाटात साड्यांखाली ठेवीन. तुमच्याशी बोलतेच आहे तर अजून एक सांगते. त्या दिवशी रिपोर्ट समजावून झाल्यावर सगळे बाहेर पडले आणि मी चष्मा राहिला म्हणून परत आत गेले. चष्मा पर्समध्येच होता. डॉक्टरला म्हटलं, आमच्या ओळखीचे एकजण आहेत, पंचेचाळिशीचे, साखर कारखान्यात पॅनवर असतात. भाकरी अडकते, भात अजून जातो, अंगाने खंबीर आहेत. अशा माणसाचं काही होण्यासारखं असेल का?

तो म्हणाला, "असं ऐकून कसं सांगू, मॅडम? पण भात जातोय म्हणताय तर आशा सोडू नका, आणि उशीर करू नका. घेऊन या त्यांना. आधी स्कॅन करू, मग बघू."

मी बरं म्हणाले, आबा. कुठल्या वारी आणू, तेही विचारून घेतलं.