शून्य करंटचा नंदी

४ फेब्रुवारी १९९६, सकाळी साडेसात
आजपासून पहाटे पाचला उठणार. आज उशीर झाला, पण सुरुवात म्हणून ठीक. डिप्लोमाचं फायनल प्रोजेक्ट ठरलं: कमीत कमी बॅटरीत चालणारा चार पायांचा रोबो. नाव 'नंदी'. पास झालो तर पुण्याला कंपनी, नाहीतर अप्पांच्या किराणा दुकानात बसणं. बसणं मला जमणार नाही. आई म्हणाली, "नंदी कुटं चालतोय व्हय? त्यो बसतोय." तिला टेक्निकल कळत नाही.

१९ फेब्रुवारी
पार्टनर आश्रुबा पाली गावचा, घरी शेळ्या. त्यांची चाल बघून बघून त्यानेच लाकडाचे पाय केले. हे हेल्परचं काम. डिझाइन माझ्याकडे, म्हणजे विचार मी करतो. थकवा फार येतो.

७ मार्च
मोटर जळाली. दोष लोडशेडिंगचा. नवी येईपर्यंत काम बंद. दिवसभर झोपलो, तरी अंग जड.

२ एप्रिल, दुपारी
चालला! आमच्या घरी, दारापासून थेट मोरीपर्यंत. मीटर बघितला: करंट शून्य. जपानलाही जमलं नसेल! आश्रुबा म्हणाला, "तार तर जोडलीच न्हाई बे. फरशीला मोरीकडं उतार हाय. उताराला शेळीबी फुकटात चालती." पोटदुखी, दुसरं काय. रिपोर्टवर माझं नाव मोठ्या अक्षरात. खाली बारीक: साहाय्य, आश्रुबा.

३ एप्रिल
सोळा वेळा चालवला. दरवेळी मोरीकडेच जातो, परत येत नाही. वळायला शिकवलं पाहिजे. उद्यापासून.

१४ मे, संध्याकाळी
तोंडी परीक्षा झाली. लॅबची फरशी सपाट. नंदी जागचा हलेना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, बॅटरी कशासाठी? मी म्हटलं, वजनासाठी. मग आश्रुबाने ड्रॉइंग बोर्डाखाली एका बाजूला वीट सरकवली आणि नंदीला वर ठेवलं. टकटक करत खाली आला. परीक्षक अर्धा तास आश्रुबाशीच बोलत होते. उतार, पायांचा झोका, शेळ्या. तो पास. मला म्हणाले, ऑक्टोबरला या. बाहेर आल्यावर आश्रुबा म्हणाला, "तुला सांगितलं व्हतं की बे." सांगितलं होतं. लई वाईट वाटलं.

१५ मे
आईने नंदीला विभूती लावून देवघरात पिंडीसमोर ठेवलंय. तिथे जमीन सपाट आहे. छान बसलाय.
सकाळी अप्पांनी हाक मारली. दुपारपासून मी दुकानात. बसणं जमतंय.